फोटोस्टोरी कशी बांधावी: पहिल्या वाक्यापासून शेवटच्या पंधरा फ्रेमपर्यंत

‘म्हातारपण’ हा विषय झाला. ‘एकटी राहणारी आजी तीन महिन्यांत घर रिकामं करते आहे’ ही गोष्ट झाली, कारण इथे माणूस आहे, मुदत आहे आणि काहीतरी हातून सुटणार आहे. कॅमेरा उचलण्याआधी असं एक वाक्य कागदावर लिहा. त्यात क्रियापद सापडत नसेल तर विषय अजून पिकलेला नाही. मग स्वतःला विचारा: या घरात निदान दहा वेळा जाता येईल का? दूरदेशीच्या नाट्यमय विषयापेक्षा वारंवार जाता येण्याजोगी साधी जागा केव्हाही चांगली. पहिल्या एकदोन भेटींत लोक कॅमेऱ्यासाठी बसतात; त्यांची स्वतःची कामं त्यानंतर सुरू होतात.

साहित्य कमी ठेवा. पूर्ण प्रकल्प एकाच लेन्सवर करा: फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ३५ मिमी, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर साधारण २३ मिमी. मोबाइल असेल तर मुख्य कॅमेराच वापरा, झूम नको. लेन्स बदलत राहिलं की प्रत्येक फोटो वेगळ्या माणसाने काढल्यासारखा दिसतो. नवे फोटोग्राफर ‘माझी शैली’ प्रीसेटमध्ये, म्हणजे तयार रंग-सेटिंगमध्ये, शोधतात. खरं तर एकच लेन्स महिनाभर वापरल्यावर तुम्ही कुठे उभे राहता, किती जवळ जाता, कशाला फ्रेमबाहेर ठेवता याची जी सवय लागते, तीच शैली.

घरातल्या उजेडासाठी हे सेटिंग बहुतेक वेळा चालतं: रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), छिद्र एफ ४, ऑटो आयएसओ (उजेडाला संवेदनशीलता) कमाल ६४००, शटरचा वेग किमान १/१२५ सेकंद, हात भरभर चालत असतील तर १/२५०. एफ १.८ च्या मोठ्या छिद्राचा मोह आवरा. चेहरा उठून दिसतो, पण मागचं अर्धं बांधलेलं खोकं धूसर होतं आणि गोष्ट तर त्या खोक्यात आहे. एलईडी किंवा ट्यूबलाइटखाली फोटोत आडवे पट्टे येत असतील तर कारण बहुधा सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, शटर असतं. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर हे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं, म्हणून काही ओळी उजळ, काही काळपट. मेकॅनिकल शटर लावा आणि वेग १/१०० किंवा १/५० करा. ६० हर्ट्झ असेल तिथे १/१२५ किंवा १/६०. अशा उजेडात चालत्या हातांचा फोटो थोडा हलेल. हलू द्या, पट्टे मात्र पुढे काही केल्या नीट जात नाहीत.

टिपताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सगळे फोटो एकाच अंतरावरून, डोळ्याच्या उंचीवरून आणि माणूस मधोमध. त्या वेळी कळत नाही, पुढे शेजारी-शेजारी लावले की कंटाळा येतो. प्रत्येक भेटीत चार अंतरं मुद्दाम घ्या: दारातून अख्खी खोली, दोन मीटरवरून माणूस आणि त्याचं काम, हातभरावरून हात, आणि माणूस नसलेली वस्तू. शेवटची फ्रेम बहुतेक जण विसरतात. भिंतीवरची तसबीर उतरवली की तिच्या जागी आजूबाजूपेक्षा गडद चौकोन उरतो, कारण तेवढ्या रंगावर उजेड पडलेला नसतो. असा एक चौकोन, वर खिळ्यासकट, किती वर्षं गेली हे चेहऱ्याच्या दहा फोटोंपेक्षा नेमकं सांगतो. तो सरळ समोरून, भिंतीला समांतर उभं राहून घ्या. वरचा दिवा बंद करा, बाजूच्या खिडकीचा उजेड पुरे.

घरी आल्यावर त्याच दिवशी दोन ठिकाणी कॉपी करा आणि प्रत्येक भेटीच्या फोल्डरमध्ये एक टिपण ठेवा: कोण, कुठे, कधी, काय चाललं होतं, कोण काय बोललं. महिन्याने आठवेल असं वाटतं, आठवत नाही. निवड मात्र त्या दिवशी करू नका. ताजेपणी आपण फोटोला नव्हे, तो काढतानाच्या कष्टांना गुण देतो. आठवडाभर जाऊ द्या.

आता खरं काम. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांनी १९५५ ते १९५७ या काळात अमेरिकाभर फिरून २७,०००हून अधिक फ्रेम टिपल्या आणि ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात घेतल्या ८३. तुमचं प्रमाणही निष्ठुरच हवं. स्क्रीनवर गाळत गाळत साठ फोटोंवर या, मग त्यांचे स्वस्तातले ४ x ६ इंची प्रिंट काढून जमिनीवर पसरा. स्क्रीनवर एक फोटो दिसतो, जमिनीवर नातं दिसतं. सारखं सांगणारे फोटो एकमेकांवर ठेवा आणि प्रत्येक गठ्ठ्यातून एकच घ्या. इथे भांडण होतं: सुंदर फोटो आणि गरजेचा फोटो यांत. अप्रतिम सूर्यप्रकाशातली खिडकी घर रिकामं होण्याबद्दल काही सांगत नसेल तर ती बाजूला काढा, दुसरीकडे वापरता येईल. बारा ते पंधरा फोटो उरले पाहिजेत. वीस ठेवलेत तर मधले पाच कोणी बघत नाही.

क्रम लावताना तारखेला बांधून घेऊ नका; मात्र घडलेल्या घटना उलटसुलट करून वाचकाला फसवूही नका. पहिला फोटो जागा सांगणारा असला पाहिजे असं नाही, प्रश्न निर्माण करणारा हवा. लागोपाठ दोन चेहरे टाळा. एका फोटोतला आकार किंवा रंग पुढच्यात परत येतो का बघा: गुंडाळलेली चटई, मग गुंडाळलेली वायर. दोन उभे फोटो जोडीने लावता येतात, एकटा उभा फोटो आडव्यांच्या रांगेत खटकतो. क्रम झाला की अनोळखी माणसाला न बोलता प्रिंट दाखवा. तो कुठे थांबतो, कुठे भराभर उलटतो ते पाहा. मध्येच ‘ही कोण?’ असं विचारलं तर तिथे एक फोटो कमी आहे.

रंग आणि उजेडाचं काम शेवटी, सगळे पंधरा एकत्र उघडून. एकेक करत गेलात तर त्वचेचा रंग फोटोगणिक बदलतो. खिडकी आणि दिवा यांच्या मिश्र उजेडाने जीव काढला म्हणून सगळं कृष्णधवल करणं ही पळवाट आहे आणि ती ओळखू येते.

कॅप्शन दोन वाक्यांची पुरते. पहिल्यात फोटोत न दिसणारी माहिती, दुसऱ्यात संदर्भ. ‘आजी उदास बसली आहे’ लिहू नका. ती उदास आहे की दमली आहे हे तिला विचारा. अंतिम पंधरा फोटो आणि मजकूर प्रसिद्ध करण्याआधी तिला एकदा दाखवा, आणि सुरुवातीची संमती वेगळी, या नेमक्या फोटोंची संमती वेगळी धरा. एखाद्या फोटोला ती नको म्हणाली तर तो काढा आणि त्या जागी साठातून दुसरा बसतो का ते बघा.