युरोपीय संघाचा विस्तार: बातमी वाचताना या चुका टाळा

‘उमेदवार देश’ हा दर्जा मिळाला की प्रवेश झालाच, असं धरून चालू नका. तुर्कस्तान १९९९पासून उमेदवार आहे. २००५मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या आणि आता कित्येक वर्षं ठप्प आहेत.

घोडं अडलं की दोष बाहेरच्या देशाला द्यायचा, ही त्याहून मोठी चूक. लोकशाही, कायद्याचं राज्य, खुली बाजारपेठ हे प्रवेशासाठीचे १९९३चे ‘कोपनहेगन निकष’ आहेतच. पण प्रवेशाला प्रत्येक सदस्याचा होकार लागतो, त्यामुळे शेजाऱ्यांची जुनी भांडणंही नकाराधिकार घेऊन बसतात. उत्तर मॅसिडोनिया (तेव्हाचा नुसता ‘मॅसिडोनिया’) २००५मध्ये उमेदवार झाला. ‘मॅसिडोनिया हे तर आमच्या प्रांताचं नाव’ म्हणत ग्रीसने अडवलं. २०१८मध्ये दोघांत प्रेस्पा करार झाला आणि पुढच्या वर्षी या देशाने चक्क स्वतःचं नाव बदललं. त्याच वर्षी फ्रान्सने आडकाठी केली: आधी प्रवेशाची प्रक्रिया सुधारा. ती सुधारली, तर २०२०मध्ये बल्गेरियाने भाषा आणि इतिहासाचा वाद उकरला. यातला कोपनहेगनचा निकष कोणता, ते शोधूनही सापडत नाही.

उलट टोकही गाठू नका. विरोध करणारा प्रत्येक जण परकेद्वेष्टा नसतो. देश आत आला की त्याच्यावर दबाव आणायची साधनं बोथट होतात, ही भीती खरी आहे. एप्रिल २००४मध्ये ग्रीक सायप्रसवासीयांनी बेटाच्या ग्रीक आणि तुर्की भागांच्या एकीकरणाची योजना सार्वमतात फेटाळली. आठवड्याभरात सायप्रस सदस्य झाला, बेट आजही दुभंगलेलंच. हंगेरीही तेव्हाच आत आला. डिसेंबर २०२३मध्ये युक्रेनशी प्रवेशाच्या वाटाघाटींचा निर्णय व्हावा म्हणून हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान यांना बैठकीतून बाहेर जावं लागलं, तेव्हा कुठे उरलेल्या २६ जणांनी तो घेतला. आणखी आठ-नऊ सदस्य वाढले तर रोज कोणाकोणाला बाहेर पाठवणार?

पाठिंबा आणि हितसंबंध यांचीही गल्लत नको. युद्धात युक्रेनच्या पाठीशी ठाम उभ्या राहिलेल्या पोलंडनेच, आपल्या शेतकऱ्यांचे भाव पडताच, एप्रिल २०२३मध्ये युक्रेनचं धान्य रोखलं.

म्हणून ‘युरोपचा विरोध’ असा मथळा दिसला तर नेमकी कोणती राजधानी अडून बसली आहे आणि तिथे निवडणूक कधी आहे, हे आधी पाहा. संघाच्या मुख्यालयात, ब्रसेल्समध्ये, सगळं जुळलं तरी प्रवेशाचा करार प्रत्येक देशात मंजूर व्हावा लागतो. फ्रान्सच्या राज्यघटनेत तर त्यासाठी सार्वमताची तरतूद आहे. ते टाळायचं असेल तर संसदेत तीन-पंचमांश बहुमत हवं.