'स्क्वेअर' म्हणजे पाती

आमचं वावर यवतमाळकडे, पऱ्हाटीचं. कपाशीचं इंग्रजी माहितीपत्रक वाचताना 'स्क्वेअर शेडिंग'वर अडलो. शब्दकोशात चौरस, वर्ग, चौक. कशाचाच मेळ बसेना. 'शेड' म्हणजे तर आपल्याकडे टिनाचं छप्पर! मग तो शब्द सोडून पुढचं वाचलं. क्रम होता स्क्वेअर, फ्लॉवर, बोल. फूल अन् बोंडाच्या आधी काय येतं? वावरात जाऊन फांदी हातात धरली. तीन दातेरी हिरव्या पाकळीसारख्या पानांत मिटलेली कळी, म्हणजे आपली पाती! खाली काळ्या मातीत चार-पाच पात्या गळून पडलेल्या. 'शेड' इथं क्रियापद आहे, गळणं. म्हणजे सरळ पातेगळ. शेजारचे काका पत्रक वाचायला मागतात, म्हणून समासात पेनानं तोच शब्द ठळक लिहून ठेवला.