लंडनमधील बरो कौन्सिलच्या निवडणुकीत मतदान कसे करावे

भारतीय पासपोर्टवर लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला तेथील बरो कौन्सिलच्या, म्हणजे शहराच्या एकेका विभागाचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, निवडणुकीत मत देण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व घ्यावे लागत नाही. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्यामुळे, ब्रिटनमध्ये राहण्याची वैध परवानगी असलेला आणि वयाची 18 वर्षे पूर्ण केलेला भारतीय नागरिक तेथे मतदार होऊ शकतो. मग व्हिसा नोकरीचा असो, शिक्षणाचा असो किंवा जोडीदारासोबत आलेल्या व्यक्तीचा असो. भेटीवर आलेल्या आईवडिलांना मात्र, ते तेथे राहत नसल्यामुळे, नाव नोंदवता येत नाही. अनेक घरांत या अधिकाराची कल्पनाच नसते. कौन्सिल टॅक्स वेळच्या वेळी भरला जातो, कचरा वेळेवर उचलला गेला नाही तर चारचौघांत तक्रारही होते, पण ज्यांच्याकडे ती तक्रार न्यायची त्यांना निवडण्याचे काम इतरांवर सोडले जाते. हे बदलावे अशी मनापासून इच्छा असल्यामुळे ही सारी प्रक्रिया येथे क्रमाने सांगितली आहे.

कौन्सिलच्या हाती काय असते, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. लंडनमध्ये 32 बरो आहेत आणि प्रत्येकाचे स्वतंत्र कौन्सिल आहे. कचरा, गल्लीबोळांतील रस्ते, पार्किंगचे परमिट, वाचनालये, घराला जोडून खोली बांधण्याची परवानगी, सरकारी शाळांतील प्रवेशप्रक्रिया, वृद्धांची आणि अपंगांची देखभाल, बेघरांची सोय ही कामे कौन्सिलची. पोलीस, भुयारी रेल्वे आणि बसगाड्या लंडनच्या महापौरांच्या अखत्यारीत येतात, त्यांची निवडणूक वेगळ्या वर्षी होते. दवाखाने आणि रुग्णालये आरोग्य सेवेकडे असतात. 1932 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनची डॉलिस हिल येथील वास्तू ब्रेंट बरोमध्ये आहे. तिच्याभोवतीच्या रस्त्यांवर गाडी कोठे लावता येईल किंवा शेजारी नवी इमारत उभी राहील की नाही, असे प्रश्न ब्रेंटचे कौन्सिलर, म्हणजे कौन्सिलवर निवडून आलेले सदस्य, आणि त्यांच्या समित्या सोडवतात.

ही निवडणूक दर चार वर्षांनी, मे महिन्यातील पहिल्या गुरुवारी, सर्व 32 बरोंमध्ये एकाच दिवशी होते. 2018, 2022, 2026 आणि पुढे 2030 असा तिचा क्रम आहे. एखादी जागा मध्येच रिकामी झाली तर त्या वॉर्डापुरती पोटनिवडणूक होते आणि तिची तारीख कोणतीही असू शकते. मतदानाच्या दिवशी सुट्टी नसते. लंडनबाहेरच्या बरोंमध्ये वेळापत्रक आणि कामांची वाटणी वेगळी असू शकते. मतदानाची पद्धत मात्र तीच असते.

पहिले काम: मतदार यादीत नाव नोंदवणे

नाव आपोआप यादीत येत नाही. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर मतदार नोंदणीचा अर्ज आहे, तो विनामूल्य आहे आणि भरायला पाच-दहा मिनिटे पुरतात. नाव, पत्ता, जन्मतारीख, नागरिकत्व आणि नॅशनल इन्शुरन्स क्रमांक (कर आणि सामाजिक सुरक्षेसाठी प्रत्येकाला मिळणारा क्रमांक) विचारला जातो. नागरिकत्वाच्या रकान्यात सरळ भारतीय असे नोंदवावे. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक अजून मिळाला नसेल तरी अर्ज करता येतो. मग कौन्सिलचे निवडणूक कार्यालय ओळख पटवण्यासाठी इतर कागदपत्रे मागू शकते. घरातील प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज करायचा असतो, कुटुंबप्रमुखाने सर्वांची नावे घालण्याची पद्धत आता राहिलेली नाही. याच अर्जात ‘खुल्या यादीत’ नाव हवे का, असा प्रश्न असतो. ती यादी कोणालाही विकत घेता येते, म्हणून त्या प्रश्नाला नकार देणे बरे. त्याचा मतदानाच्या अधिकारावर परिणाम होत नाही.

नोंदणीचा आणखी एक लाभ नव्याने आलेल्यांना उपयोगी पडतो. पतपात्रता तपासणाऱ्या संस्था पूर्ण मतदार यादी पाहतात, त्यामुळे यादीत नाव असले की त्या पत्त्यावर आपण खरोखर राहतो याची खात्री त्यांना होते आणि मोबाइलचा करार किंवा क्रेडिट कार्ड मिळणे काहीसे सोपे जाते. विद्यार्थ्यांना घरचा आणि विद्यापीठाजवळचा, असे ब्रिटनमधील दोन्ही पत्ते नोंदवता येतात. ते दोन वेगळ्या कौन्सिलांच्या हद्दीत असतील तर स्थानिक निवडणुकीत दोन्हीकडे मत देता येते.

नोंदणीची मुदत मतदानापूर्वी 12 कामाचे दिवस इतकी असते. 7 मे 2026 च्या मतदानासाठी ती 20 एप्रिलच्या मध्यरात्री संपणारी होती. मधली ‘बँक हॉलिडे’ची सार्वजनिक सुट्टी या मोजणीत धरली जात नाही, हे विसरून अनेकांचा हिशेब चुकतो.

दुसरे काम: ओळखपत्र आणि त्यावरचे नाव

मे 2023 पासून इंग्लंडमधील मतदान केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. येथे भारतीयांसाठी सर्वांत दिलासा देणारी गोष्ट अशी की राष्ट्रकुलातील कोणत्याही देशाचा पासपोर्ट चालतो, म्हणजे भारतीय पासपोर्ट पुरेसा आहे. त्याची मुदत संपली असली तरी छायाचित्रावरून चेहरा ओळखता आला पाहिजे, इतकीच अट आहे. ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स, ज्येष्ठांचा फ्रीडम पास आणि अपंगांसाठीचा ब्लू बॅज हेही चालतात. जुने बायोमेट्रिक निवास कार्ड हाताशी असेल तर तेही स्वीकारले जाते. पण मोबाइलच्या पडद्यावरचा ई-व्हिसा, पासपोर्टची झेरॉक्स किंवा फोनमधील फोटो, आधार कार्ड, भारतीय मतदार ओळखपत्र, भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स आणि ओसीआय कार्ड यांपैकी काहीही चालत नाही. विद्यापीठाचे ओळखपत्रही चालत नाही. पासपोर्ट व्हिसाच्या किंवा नूतनीकरणाच्या कामासाठी दुसरीकडे दिलेला असेल आणि दुसरे ओळखपत्र नसेल, तर मतदानापूर्वी सहा कामाच्या दिवसांपर्यंत, संध्याकाळी पाचच्या आत, ‘व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट’साठी, म्हणजे मतदानासाठीच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करावा, ते विनामूल्य मिळते. ओळखपत्रांची यादी कायद्याने ठरते आणि बदलू शकते, म्हणून प्रत्येक निवडणुकीआधी इलेक्टोरल कमिशनच्या, म्हणजे तेथील निवडणूक आयोगाच्या, संकेतस्थळावर ती एकदा पाहून घ्यावी.

मराठी मतदारांची खरी अडचण नावाची असते. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव मधोमध येते आणि इंग्लंडमधल्या कागदांवर ते बहुधा गळते. पासपोर्टवर ‘अनघा समीर जोशी’ आणि मतदार यादीत ‘अनघा जोशी’ एवढाच फरक असेल तर सहसा अडवले जात नाही, कारण किरकोळ फरक असला तरी व्यक्ती तीच आहे याविषयी केंद्राध्यक्षाची खात्री झाली की पुरते. पण पासपोर्टवर माहेरचे ‘अनघा विनायक देशपांडे’ असेल आणि मतदार यादीत सासरचे आडनाव, तर मतपत्रिका नाकारली जाऊ शकते. अशा वेळी विवाहाचा दाखला सोबत न्यावा. त्याहूनही चांगला उपाय म्हणजे नोंदणीच्या वेळीच पासपोर्ट समोर ठेवून, त्यावर जसे नाव आहे तसेच अर्जात लिहिणे. दारावरची पाटी, बँकेचे खाते, शेजाऱ्यांनी ठेवलेले छोटे नाव यांतले काहीही तेथे आणू नये.

गुरुवारी गावात नसल्यास

मे महिना जवळ आला की भारतात जाणाऱ्यांची संख्या वाढते. त्यांच्यासाठी दोन मार्ग आहेत. टपाली मतदानाचा अर्ज 11 कामाचे दिवस आधी, संध्याकाळी पाचपर्यंत पोहोचला पाहिजे. घरी आलेल्या पाकिटात मतपत्रिका असते आणि तिच्यासोबत एक निवेदन असते, ज्यावर जन्मतारीख आणि सही द्यायची असते. ही सही अर्जावरील सहीशी ताडून पाहिली जाते. ज्यांची सही देवनागरीत आहे आणि बँकेसाठी मात्र रोमन लिपीत वेगळी सही आहे, त्यांनी अर्जावर कोणती केली होती हे लक्षात ठेवावे. सही जुळली नाही तर मत मोजले जात नाही. पाकीट मतदानाच्या रात्री दहापर्यंत पोहोचले पाहिजे.

पुण्या-मुंबईच्या पत्त्यावर मतपत्रिका मागवून ती वेळेत परत पाठवणे मोठ्या जोखमीचे आहे. लांबच्या प्रवासाला जाणाऱ्यांनी प्रॉक्सी नेमावा, म्हणजे आपल्या वतीने मत देण्यासाठी विश्वासू व्यक्तीचे नाव कळवावे. त्याचा अर्ज सहा कामाचे दिवस आधीपर्यंत घेतला जातो. प्रॉक्सी म्हणून जाणारी व्यक्ती स्वतःचे ओळखपत्र दाखवते. अचानक आजारपण आले किंवा कामानिमित्त जावे लागले, तर मतदानाच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत तातडीचा प्रॉक्सीही मिळू शकतो.

उमेदवार समजून घेणे

उमेदवारांची अधिकृत यादी कौन्सिलच्या संकेतस्थळावर लागते. दारात येणारी पत्रके वाचावीत, पण त्यांवरच भिस्त ठेवू नये. कौन्सिलच्या बैठकांची इतिवृत्ते सर्वांसाठी खुली असतात आणि सध्याच्या कौन्सिलरने कोणत्या विषयावर काय भूमिका घेतली हे तेथे दिसते. आपल्या रस्त्यावरच्या एका नेमक्या प्रश्नाबद्दल उमेदवाराला ईमेल पाठवून उत्तराची वाट पाहणे ही मला सर्वांत खात्रीची कसोटी वाटते, कारण निवडणुकीआधी जो उत्तर देत नाही तो नंतर देण्याची शक्यता कमीच.

मतदान केंद्रावर

मतदान सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत चालते आणि दहा वाजता जे रांगेत उभे असतील त्यांनाही मत देता येते. केंद्र शाळेत, चर्चच्या सभागृहात किंवा वाचनालयात असते. त्याचा पत्ता घरी आलेल्या पोल कार्डावर, म्हणजे मतदानाच्या सूचनापत्रावर, छापलेला असतो आणि त्याच केंद्रावर जावे लागते. पोल कार्ड हरवले तरी मतदान करता येते. दाराबाहेर पक्षाच्या रंगाची फीत लावलेले कार्यकर्ते मतदार क्रमांक विचारतात. आपल्या समर्थकांपैकी कोण येऊन गेले याची नोंद ते ठेवत असतात. त्यांना क्रमांक सांगणे बंधनकारक नाही.

आत टेबलामागचा कर्मचारी नाव आणि पत्ता विचारतो, ओळखपत्र पाहतो, यादीतील नावावर रेघ मारतो आणि मतपत्रिका देतो. बोटाला शाई लावली जात नाही, मतदान यंत्रही नसते. लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या आडोशामागे दोरीला बांधलेली पेन्सिल असते. स्वतःचे पेन वापरले तरी चालते. चेहरा झाकणाऱ्या स्त्रियांना ओळख पटवण्यासाठी आडोशाला नेण्याची सोय केंद्रावर असते.

आता मतपत्रिकेकडे नीट लक्ष द्यावे, कारण महाराष्ट्रातल्या सवयीने येथे गोंधळ होऊ शकतो. पुणे किंवा ठाणे महापालिकेच्या बहुसदस्यीय प्रभागात अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी उमेदवारांची वेगळी यादी असते आणि मतदार प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत देतो. लंडनमध्ये वॉर्डाच्या सर्व जागांसाठी एकच सलग यादी असते, आडनावांच्या इंग्रजी वर्णक्रमाने लावलेली. हॅरोमध्ये 2022 पासून 22 वॉर्डांतून 55 कौन्सिलर निवडले जातात, काही वॉर्डांतून तीन तर काहींतून दोन. तीन जागांच्या वॉर्डात प्रत्येक मतदाराला तीन मते असतात आणि सर्वाधिक मते मिळवणारे पहिले तिघे निवडून येतात. एका पक्षाचे तीन उमेदवार एकाखाली एक सापडतीलच असे नाही, ते यादीत विखुरलेले असतात, म्हणून पूर्ण यादी वरपासून खालपर्यंत वाचावी.

पसंतीच्या नावासमोरच्या चौकटीत फुली मारावी. 1, 2, 3 असे आकडे घालू नयेत, सही करू नये, काही लिहू नये. एका उमेदवाराला एकच मत देता येते. किती मते देता येतील हे मतपत्रिकेच्या माथ्यावर छापलेले असते. त्यापेक्षा एक जरी फुली जास्त झाली तरी ती संपूर्ण मतपत्रिका बाद होते. कमी फुल्या मारल्या तर मात्र काही बिघडत नाही. एखादाच उमेदवार मनापासून हवा असेल तर त्याला एकच मत देऊन थांबणे शहाणपणाचे ठरू शकते, कारण उरलेली दोन मते त्याच्याच प्रतिस्पर्ध्यांच्या पारड्यात पडून त्याला मागे टाकू शकतात. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय येथे नाही. चुकून फुली भलतीकडे पडली तर खाडाखोड न करता मतपत्रिका केंद्राध्यक्षाकडे परत द्यावी आणि नवी घ्यावी. मात्र पेटीत टाकण्यापूर्वीच हे करता येते.

हॅकनी, न्यूहॅम, लुईशम, टॉवर हॅम्लेट्स आणि क्रॉयडन या पाच बरोंमध्ये बरोचा महापौर थेट मतदारांकडून निवडला जातो, त्यामुळे तेथे महापौराच्या निवडणुकीला दुसरी मतपत्रिका मिळते. तिच्यावरील सूचना स्वतंत्रपणे वाचाव्यात.

मतपत्रिकेची घडी घालून ती मतपेटीत टाकली की काम झाले. काही बरोंमध्ये मोजणी त्याच रात्री सुरू होते, काहींमध्ये दुसऱ्या दिवशी, आणि निकाल कौन्सिलच्या संकेतस्थळावर लागतात.

ज्यांना उमेदवार म्हणून उभे राहायचे असेल त्यांच्यासाठी अट थोडी कडक आहे: केवळ व्हिसा पुरत नाही, भारतीय नागरिकाकडे ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी असावी लागते. कौन्सिलरच्या जागेसाठी अनामत रक्कम भरावी लागत नाही. डॉ. चुनीलाल कटियाल हे भारतातून आलेले डॉक्टर 1938 मध्ये फिन्सबरी बरोचे महापौर झाले होते, त्यामुळे भारतीयांसाठी ही वाट नवी नाही.

घर बदलले की नव्या पत्त्यावर पुन्हा नोंदणी करावी लागते, अगदी त्याच बरोत दोन गल्ल्या पलीकडे गेलो तरी. भाडेकरूंची नावे याच कारणाने यादीतून गळतात. नव्या घराचा कौन्सिल टॅक्स आपल्या नावावर करून घेतला म्हणजे मतदार नोंदणी झाली असे होत नाही. ते दोन वेगळे अर्ज आहेत आणि दोन्ही एकाच बैठकीत उरकता येतात.