कढीपत्त्याच्या मुळाला कुदळ लावू नका

मृगाचा पाऊस झाला, माती वापशावर आली की परड्यात कुदळ निघतेच. आंबा, लिंबाची आळी नीट करता करता कढीपत्त्याभोवतीही खणलं जातं. तेवढं मात्र करू नका.

कढीपत्त्याचं सोटमूळ खाली जातं, पण बाजूची मुळं वरच्या थरात आडवी पळतात. त्यांना घाव बसला की तिथूनच नवा फुटवा वर येतो. दरवर्षी खणणाऱ्यांच्या परड्यात म्हणूनच बुंध्याभोवती काटक्यांचं रान माजतं आणि मूळ झाड रोड राहतं. खुरप्यानं वरवर तण काढा, कुजलेलं शेणखत पसरा, वर उसाच्या पाचटाचा थर द्या. पाचट बुंध्याला मात्र चिकटू देऊ नका, चार बोटं जागा मोकळी ठेवा.

आता फुटव्यांचं. शेजारीण मागायला आली की आपण हिसडा देऊन उपटून देतो. मीही तेच करायचो. एका पावसाळ्यात सात दिले, सहा वाळले. सातवा लावण्याआधी नीट बघितला, तेव्हा कारण कळलं. उपटलेल्या फुटव्याच्या बुडाला आईच्या मुळाचा करंगळीएवढा तुकडा असतो आणि त्यावर तंतुमुळं जवळजवळ नसतातच. आईच्या जिवावर जगणारं ते पोर एकदम तोडलं तर पाणी ओढणार कशानं?

म्हणून तोड दोन टप्प्यांत करा. वीत-दीड वीत उंचीचा फुटवा निवडा. माती हातानं बाजूला सारून तो कोणत्या मुळावर आहे ते शोधा. बुंध्याकडच्या बाजूनं तेवढंच मूळ धारदार कात्रीनं कापा, माती परत लोटा आणि फुटवा जागेवरच राहू द्या. मृगाच्या शेवटी कापलं तर तरण्या पावसापर्यंत, म्हणजे पुनर्वसू नक्षत्राच्या पावसापर्यंत, पंधरा-वीस दिवस मिळतात. मग माती उकरून बघा. पांढरी, दोऱ्यासारखी मुळं दिसली तरच गड्ड्यासकट उचला. नसतील तर आणखी आठवडाभर थांबा, घाई नको. लावताना निम्मी पानं छाटा आणि ढगाळ दिवसाची संध्याकाळ धरा.

जागा निवडताना जमीन बघा. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात आजरा, चंदगडच्या तांबड्या मातीत पाणी निचरतं, तिथं फार चिंता नाही. शिरोळ, हातकणंगल्याच्या काळ्या रानात मात्र सपाटीवर लावू नका, फूटभर उंच वरंबा करा. आपल्याकडं कढीपत्ता बहुधा न्हाणीच्या सांडपाण्यावरच वाढवतात. उन्हाळ्यात ते चालून जातं, पण पावसाळ्यात ते पाणी दुसरीकडं वळवा. वरून पाऊस आणि खालून सांडपाणी, यात मुळांना हवा मिळत नाही.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाची कमतरता आहे. अशा वेळी आधी पाणी साचतंय का ते बघा, चर काढा. त्यानं फरक पडला नाही तरच लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट घालून उघडीप बघून फवारा. फवारलेली पानं लगेच फोडणीला नकोत, नवी फूट येऊ द्या.

आणि जुन्या झाडाभोवतीचे सगळे फुटवे ठेवू नका. नवी झाडं करायला दोन-तीन राखा, बाकीचे हाताएवढे व्हायच्या आत जमिनीलगत कापा, खणून काढू नका.