मेकॅनिकल अँड स्मार्ट मॅन्युफॅक्चरिंगची डिग्री: चार वर्षं नीट कशी वापरायची (सांगली-साताऱ्याच्या पोरापोरींसाठी)

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी मला फोन सुरू होतात, मावशीचा मुलगा, शेजारच्या काकूंची मुलगी, कुणाच्या तरी ओळखीतलं कुणीतरी, आणि प्रश्न एकच, "दादा, हे स्मार्ट मॅन्युफॅक्चरिंग म्हणजे नक्की काय असतंय, घेऊ का?" प्रत्येकाला अर्धा अर्धा तास सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतोय. मी मेकॅनिकल केलंय, आता कुपवाड एमआयडीसीत रोज सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनांबरोबर असतो, त्यामुळं जे सांगतोय ते शॉपमध्ये बघितलेलं सांगतोय.

पहिलं म्हणजे नावाला भुलू नका आणि घाबरू पण नका. आत बघितलं तर निम्म्याहून जास्त जुनंच मेकॅनिकल आहे, थर्मो (उष्णतेचं शास्त्र), एसओएम (मटेरियलची ताकद), टॉम (यंत्रांच्या हालचालीची थिअरी), मशीन डिझाईन, मेट्रॉलॉजी (मोजमापाचं शास्त्र), आणि त्यावर सेन्सर, पीएलसी (मशीनला चालू-बंदचे हुकूम देणारा छोटा कॉम्प्युटर), रोबोट, पायथन, डेटा हे चढवलंय. इंडस्ट्री ४.० (कारखान्यातली मशीनं नेटवर्कनं आणि डेटानं जोडायची कल्पना) हा शब्द २०११ ला जर्मनीत हॅनोव्हरच्या प्रदर्शनात पुढं आला, त्यानंतर सगळीकडं कोर्सेसची नावं बदलत गेली. प्रत्येक कॉलेजात नाव वेगळं, कुठं मेकॅट्रॉनिक्स, कुठं ऑटोमेशन अँड रोबोटिक्स, म्हणून नावापेक्षा सिलॅबसची पीडीएफ उघडा आणि प्रॅक्टिकलचे तास मोजा. मग तिथल्या थर्ड इयरच्या कुणाला तरी गाठून एकच विचारा, मशीन तुम्ही स्वतः चालवता की लांब उभं राहून बघता? या एका उत्तरात कॉलेज कळतं.

आपल्याकडं पर्याय चांगले आहेत, विश्रामबागचं वालचंद १९४७ पासून आहे, कराडचं गव्हर्नमेंट कॉलेज १९६० चं, राजारामनगरचं आरआयटी आणि साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेज दोन्ही १९८३ ची. बारावी पीसीएम आणि एमएचटी-सीईटी देऊन कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) जायचं, डिप्लोमावाल्यांना डायरेक्ट सेकंड इयर. डिप्लोमा करून आलेल्या पोरांचा हात मशीनवर लय चांगला असतो, फक्त मॅथ्सला ती अडकतात, त्यांनी सुट्टीतच इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन घासून ठेवा.

पैशाचं पण आधीच बघा. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या सीट असतात, त्यात ट्यूशन फी लागत नाही, कॅपचा फॉर्म भरताना तो कोड वेगळा टाकावा लागतो आणि बरेच जण तोच विसरतात. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींना याच उत्पन्नाच्या अटीत २०२४-२५ पासून पूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेयर हे सगळं मे महिन्यातच काढून ठेवा, निकाल लागल्यावर सेतूत पाय ठेवायला जागा नसते.

फर्स्ट इयरला एवढंच सांगतो की एम-वन, एम-टू (मॅथ्सचे दोन पेपर) आणि ग्राफिक्स (इंजिनिअरिंग ड्रॉइंग) बॅकलॉगला जाऊ देऊ नका, आणि वर्कशॉपमधला फिटिंगचा जॉब (बनवायचा तुकडा) सिनियरकडून घेऊन सबमिट करू नका. एमएसची (माइल्ड स्टीलची) पट्टी कानस मारून काटकोनात आणायला दोन दिवस जातात, हाताला फोड येतात, पण ०.१ मिमी म्हणजे किती हे बोटांना त्यातच कळतं. ते पुढं कुठलंही सॉफ्टवेअर शिकवत नाही.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायचीय ती मोजण्याची.

इन-प्लांट ट्रेनिंगला मी एका छोट्या टर्निंग (लेथच्या कामाच्या) शॉपमध्ये होतो. स्टीलचा जॉब, ओडी (बाहेरचा व्यास) ९० मिमी, ड्रॉइंगवर स्मॉल एच-सेव्हन टॉलरन्स (मापात चालणारा फरक), म्हणजे ९०.००० ते ८९.९६५ च्या मध्ये पाहिजे, सगळी मिळून ३५ मायक्रॉनची जागा (१ मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). मशीनमधून जॉब काढला, लगेच माइक (मायक्रोमीटर) लावला, ८९.९८० आलं, एकदम मधोमध, मी खुश होऊन रजिस्टरला लिहिलं आणि पुढचे जॉब तसेच सोडत गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्शनला तेच जॉब ८९.९५९ दाखवायला लागले, अख्खी रांग अंडरसाइज. मला काहीच कळेना, माइकच बिघडला वाटलं. तिथले सेटर (मशीन सेट करणारे) मामा आले, त्यांनी मशीनमधून नुकताच निघालेला जॉब माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "धर, आणि सांग काय लागतंय." गरम होता. चटका बसेल असा नाही, पण शॉपपेक्षा २० डिग्री तरी जास्त. स्टील १ मीटरला १ डिग्रीमागं साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं, ते ९० मिमीला २० डिग्रीवर लावा, २१ मायक्रॉन येतात, म्हणजे ८९.९८० चे गार झाल्यावर बरोबर ८९.९५९. मापं २० डिग्री सेल्सिअसला धरायची हा आंतरराष्ट्रीय नियम मी पेपरात दोन मार्कांना लिहून आलो होतो, तो असा हातात आल्यावर कळला.

हे एवढं लांबवून सांगतोय कारण स्मार्ट मॅन्युफॅक्चरिंग सगळं यावरच उभं आहे. समजा माझ्या जागी डिजिटल माइक वायफायने जोडलेला असता, रीडिंग थेट सर्व्हरला गेलं असतं, स्क्रीनवर हिरवा ग्राफ दिसला असता आणि जॉब तरी रिजेक्टच झाले असते. चुकीच्या वेळी घेतलेलं माप कितीही वेगानं पाठवलं तरी चुकीचंच राहतं. म्हणून सेकंड इयर अख्खं व्हर्नियर, माइक, बोअर गेज, डायल यांना द्या, लॅबच्या सरांना विनंती करून संध्याकाळी थांबा, एकच जॉब दहा वेळा मोजा, मित्राला मोजायला लावा, दोघांची रीडिंग का वेगळी येतात त्यावर भांडा. तेच आकडे मग पायथनमध्ये टाकून मीन, स्टँडर्ड डेव्हिएशन, सीपी, सीपीके (मापं टॉलरन्समध्ये किती नीट बसतात ते सांगणारे आकडे) काढा. पायथन शिकायला वेगळा क्लास लावायची गरज नाही, स्वतः मोजलेले पन्नास आकडे असले की शिकावंसं आपोआप वाटतं.

पीएलसीला कोडेसिस नाहीतर ओपनपीएलसी हे सॉफ्टवेअर लॅपटॉपवर फुकट मिळतं, तिथून चालू करा. पहिला प्रोग्राम मोटर स्टार्ट-स्टॉपचा. स्टार्टचं बटण नॉर्मली ओपन (दाबल्यावरच जोडणारं), त्याला पॅरलल आउटपुटचाच कॉन्टॅक्ट, म्हणजे बोट काढलं तरी मोटर चालू राहते, आणि स्टॉपचं बटण प्रत्यक्षात नॉर्मली क्लोज (दाबल्यावर तुटणारं) लावायचं. असं उलटं का? तर स्टॉपची वायर उंदरानं कुरतडली, टर्मिनल सैल झालं, काहीही झालं तरी मोटर बंद पडली पाहिजे. स्टॉपला नॉर्मली ओपन लावलं आणि वायर तुटली तर तुम्ही बटण दाबत बसाल आणि मशीन थांबणार नाही. व्हायवाला हे हमखास विचारतात, पण त्यासाठी नाही, उद्या तुमच्या पॅनलसमोर कुणाचं तरी पोर काम करत असणार आहे म्हणून हे पक्कं करा.

थर्ड इयरला कारखाने बघा, आणि पुणे-मुंबईच कशाला. किर्लोस्करवाडी १९१० पासून इथं पलूसजवळ आहे, मिरज-पुणे रेल्वे लाईनवरच. साखर कारखाने तर आपल्याकडं चहूकडं आहेत, तिथं गळीत चालू असताना एकदा आणि हंगाम संपल्यावर ओव्हरहॉलिंगला एकदा असं दोनदा जा. चालू असताना कंट्रोल रूममध्ये सगळे व्हॉल्व्ह, टेम्परेचर, लेव्हल स्क्रीनवर दिसतात, आणि बंद असताना मिलचे रोलर उतरवलेले, गिअरबॉक्स उघडलेले, म्हणजे स्क्रीनवरचा प्रत्येक आकडा ज्या लोखंडातून येतो ते लोखंड बघायला मिळतं. कॉलेजचं पत्र घेऊन गेलं की सहसा नाही म्हणत नाहीत.

ओईई नावाचं एक गणित आहे, मशीनचा खरा उपयोग किती झाला ते सांगणारं, ते कागदावर करता आलं पाहिजे. शिफ्ट ८ तासांची म्हणजे ४८० मिनिटं, मशीन ६० मिनिटं बंद, राहिली ४२०, अव्हेलेबिलिटी ८७.५ टक्के. एका जॉबला १ मिनिट लागायला पाहिजे पण निघाले ३५०, म्हणजे परफॉर्मन्स ८३.३. त्यातले १५ रिजेक्ट, क्वालिटी ९५.७. तिन्हीचा गुणाकार ६९.८ टक्के. तीन आकडे वेगवेगळे बघितले तर कुठलाच वाईट वाटत नाही, गुणल्यावर कळतं की शिफ्टमधला जवळजवळ तिसरा हिस्सा गेला.

आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट यावरच होता आणि तुम्ही पण असाच काहीतरी करा, नुसती लाईन फॉलो करणारी गाडी करून वर्ष घालवू नका. एका जुन्या सीएनसीला आम्ही स्प्लिट कोअर सीटी (करंट मोजणारा सेन्सर) बसवला, तो मोटरच्या एका फेजच्या वायरवर चिमट्यासारखा बसतो, वायर कापावी लागत नाही (तरी पॅनल इलेक्ट्रिशियननंच उघडायचा, आपण अजिबात हात घालायचा नाही). करंटचं रीडिंग ईएसपी३२ (छोटा वायफाय बोर्ड) वर, तिथून एमक्यूटीटीनं (डेटा पाठवायची एक पद्धत) लॅपटॉपला. मशीन कट घेतंय की रिकामं फिरतंय की बंद आहे, सेकंदासेकंदाला दिसायला लागलं, आणि रोज सकाळी एक मोठा थांबा दिसायचा जो रजिस्टरमध्ये कुठंच नव्हता. आम्हाला वाटलं ऑपरेटर चहाला जात असणार, रिपोर्टमध्ये तसं लिहायला पण बसलो होतो. सरांनी थांबवलं, म्हणाले आधी त्यांना विचारून या. विचारलं तर ते फर्स्ट पीस (पहिला जॉब) पास होऊन यायची वाट बघत उभे असायचे, कारण इन्स्पेक्शनला माणूस एकच आणि सकाळी सगळ्या मशीनांचे जॉब एकदम त्याच्या टेबलावर. मशीन कधी थांबलं ते सेन्सरनं सांगितलं, का थांबलं ते ऑपरेटरनं. त्या दिवशी न विचारता रिपोर्ट दिला असता तर एका चांगल्या माणसावर आळ आला असता, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यामुळं प्रोजेक्ट कुठलाही असो, ऑपरेटरशी बोलायचे तास प्लॅनमध्येच धरा आणि जे सापडेल ते सगळ्यात आधी त्यांना दाखवा.

असं शॉप शोधायला सातव्या सेमची वाट बघू नका. थर्ड इयरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कुपवाड, मिरज नाहीतर सातारा एमआयडीसीत चार-पाच ठिकाणी स्वतः जा, फोन नको, समोर जाऊन उभे राहा, वही आणि व्हर्नियर घेऊन जा, आणि मालकाला म्हणा, महिनाभर येतो, पगार नको, फक्त मशीनजवळ उभं राहू द्या.