शाल-श्रीफळवाले सेनेटर

अमेरिकन नागरिकत्वाच्या मुलाखतीत माझं एकच उत्तर चुकलं, आणि नेमकं तेच, ज्याची मला सगळ्यात जास्त खात्री होती.

प्रश्न होता, तुमच्या राज्याच्या एका यू. एस. सेनेटरचं नाव सांगा. मी धाडकन सांगितलं. का नाही सांगणार? आदल्या वर्षी आमच्या न्यू जर्सीतल्या मंडळाच्या गणपतीला ते आले होते. शाल अध्यक्षांनी घातली, नारळ मी दिला. त्यांच्या कार्डावर ठळक अक्षरांत 'सेनेटर' आणि ते कार्ड आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली. अधिकाऱ्याने मान वर न करता कागदावर खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला. पार्किंगमध्ये नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, ते ट्रेन्टनचे. वॉशिंग्टनचे नाहीत!"

मराठीत ही चूक करायची म्हटली तरी जमत नाही. राज्यातला तो आमदार, दिल्लीतला तो खासदार, शब्दच वेगळे. इथे दोन्हीकडे सेनेटर. न्यू जर्सीची स्वतःची सेनेट आहे, तिच्यात ४० जण. शिवाय ८० जणांची असेंब्ली. ही सगळी मंडळी ट्रेन्टनला, म्हणजे राज्याच्या राजधानीत बसतात आणि राज्याचे कायदे करतात. वॉशिंग्टनच्या सेनेटमध्ये मात्र न्यू जर्सीचे दोघेच, आणि हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजमध्ये, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या सभागृहात, १२. नेब्रास्कात तर राज्याला एकच सभागृह, तरी तिथल्या सदस्यांनाही सेनेटरच म्हणतात. म्हणून प्रश्नातलं 'यू. एस.' कानात प्राण आणून ऐका. मी फक्त 'सेनेटर' ऐकलं.

आणि हे नुसतं परीक्षेपुरतं नाही. आमच्या ओळखीतल्या एकांचा नागरिकत्वाचा अर्ज रखडला, तर त्यांनी राज्याच्या सेनेटरच्या ऑफिसला लांबलचक ईमेल लिहिली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की हा विषय आमच्या अखत्यारीत नाही. इमिग्रेशन, पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी ही संघीय सरकारची कामं. त्यासाठी तुमच्या भागाच्या हाउस सदस्याचं किंवा यू. एस. सेनेटरचं ऑफिस गाठायचं. तिथे याच कामाला माणसं नेमलेली असतात. आधी तुमच्या सहीचं संमतीपत्र घेतात, मग खात्याकडे चौकशी करतात. चौकशीच हं, हुकूम नाही. 'आमदारसाहेबांचा एक फोन आणि काम फत्ते' हा आपला अनुभव इथे चालत नाही. उलट ड्रायव्हिंग लायसन्सचं काम अडलं, तर ते राज्याचं खातं. तिथे माझे नारळवाले सेनेटर खरंच उपयोगी पडतील.

भारतीय चष्मा आणखी दोन ठिकाणी दगा देतो. राज्यसभेत महाराष्ट्राला १९ जागा आणि गोव्याला एक, म्हणून आपल्या डोक्यात लोकसंख्येचं गणित पक्कं बसलेलं असतं. इथल्या सेनेटमध्ये जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियाला दोन आणि सहा लाखही वस्ती नसलेल्या वायोमिंगलाही दोनच. लोकसंख्या मोजायची ती ४३५ जणांच्या हाउसमध्ये.

दुसरं, राष्ट्राध्यक्ष हे काँग्रेसच्या, म्हणजे सेनेट आणि हाउस मिळून बनणाऱ्या इथल्या संसदेच्या, बहुमतावर टिकून नसतात आणि मंत्री काँग्रेसमध्ये बसू शकत नाहीत. मार्को रुबिओ २०२५ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले, तेव्हा त्यांना सेनेटची जागा सोडावी लागली. आपल्याकडे लोकसभेत अर्थसंकल्प पडला की सरकार पडतं. इथे खर्चाची मंजुरी अडली की सरकार जागच्या जागी राहतं आणि कार्यालयं बंद पडतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस तसंच झालं. तेव्हा आमच्या ग्रुपवर मुलाखती रद्द होणार म्हणून नुसती घबराट. नागरिकत्वाचं खातं मुख्यतः आपण भरलेल्या फीवर चालतं, हे कुणी लक्षातच घेत नव्हतं.

ग्रुपवरून आठवलं. 'दोन तासांत सगळे प्रश्न पाठ' छापाचे व्हिडिओ मीही बघितले, तेही दीडपट वेगाने. त्यांनी पाठ होतं, कळत काहीच नाही. आणि १५ वर्षांपूर्वी नागरिक झालेले एक काका प्रत्येक मंडळात असतात; त्यांच्याकडे चहा जरूर प्या, प्रश्न मात्र सरकारी संकेतस्थळावरूनच घ्या. मला जुन्या १०० प्रश्नांतून जास्तीत जास्त दहा विचारणार होते, सहा बरोबर हवे होते. सातव्या प्रश्नाला माझी सुटका झाली. २० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर अर्ज केला असेल, तर यादी १२८ ची. २० पर्यंत प्रश्न, १२ बरोबर हवेत. काकांना हे माहीत नसतं.

बाकी घाबरू नका, खरंच. उत्तरं आधीच जाहीर आहेत, आणि नापास झालात तरी ६० ते ९० दिवसांत पुन्हा बोलावतात, फक्त जो भाग राहिला त्यासाठी. ज्यांचं वय ६५ किंवा त्याहून जास्त आणि ग्रीन कार्डाला २० वर्षं झालीत, अशा आई-बाबांना तर २० च प्रश्नांची यादी असते आणि दुभाषा घेऊन मराठीत उत्तरं देता येतात. फक्त सेनेटर, हाउस सदस्य आणि गव्हर्नर ही नावं आदल्या रात्री पुन्हा तपासा. निवडणुकांनी ती बदलतात, फ्रिजवरचं कार्ड बदलत नाही.