राइडचं नंतर बघू, आधी छोट्या खोलीचं बोला

गाजलेल्या चित्रपटाच्या किंवा पुस्तकाच्या जगावर थीम पार्कमधला विभाग आखताय, त्याबद्दल हे. अग्निशमन, व्हीलचेअरची वाट, स्टुडिओची मंजुरी हे सांगत बसत नाही.

पहिलं काम कागदावरचं. फॅनना त्या जगात जाऊन काय करायचंय, ते क्रियापदांत लिहा. ‘जादूगारांचं गाव’ लिहून काही कळत नाही; कांडी घेणं, बटरबीअर पिणं, किल्ल्यात हिंडणं असं लिहा. आणि प्रत्येक क्रियापदापुढे आकडा: तासाला किती माणसं. राइडचा आकडा सगळेच काढतात. थोड्याच लोकांना आत घेऊन छोटा खेळ दाखवतात, त्या छोट्या खोलीचा राहतो. मागच्या वेळी आमचाही तोच राहिला.

ऑरलँडोतल्या थीम पार्कात हॅरी पॉटरचं हॉग्समीड गाव 2010 मध्ये उघडलं, तेव्हा ऑलिव्हँडरचं कांड्यांचं दुकान एवढंसं होतं आणि बाहेर उन्हात रांग. हिशोब करून बघा. खोलीत 20 जण, कांडी निवडून देण्याचा खेळ 5 मिनिटांचा, म्हणून तासाला 240 लिहिलंत की फसलात. आत येणं, फोटो, दारात अडकलेली बाबागाडी यांची 3 मिनिटं धरा, उरले 150. मोठी राइड तेवढ्याच वेळात दीड हजार माणसं काढते. खेळ छोटा करू नका, त्यासाठीच लोक आलेत. एकसारख्या दोन-तीन खोल्या बांधा. नुसती कांडी विकत घेणाऱ्याला वेगळं दार द्या, नाहीतर तोही त्याच रांगेत उभा राहतो. पॉटरच्याच जगातल्या, 2014 मध्ये उघडलेल्या डायगन अ‍ॅलीत दुकान मोठं झालंच, शिवाय कांडी फिरवली की खिडकीतली वस्तू हलते अशा जागा गल्लीभर पेरल्या. गर्दी आपोआप पांगते.

रांग हाही खेळाचाच भाग. हॉग्समीडच्या किल्ल्यातली राइडची रांग बोलक्या चित्रांसमोरून, मुख्याध्यापकांच्या खोलीतून जाते. राइडमध्ये न बसणाऱ्यांनाही ते बघायचं असतं, त्यांची वाट आखा. नमुन्याची खुर्ची रांगेच्या आधी, बाहेर ठेवा. दीड तास उभं राहून ‘पट्टा लागत नाही’ ऐकायला लावू नका.

भूमिका वाटायच्या असतील तर भांडणं गृहीत धरा. 2019 च्या स्टार वॉर्सच्या यान-राइडमध्ये सहा जण बसतात: दोन पायलट, दोन गनर, दोन इंजिनिअर. पायलट सगळ्यांनाच व्हायचं असतं. मागच्या जोडीला खरंखुरं काम द्या.

काळ कुठला, ते आधी ठरवा. बाटूवर, म्हणजे स्टार वॉर्सच्या त्या विभागातल्या काल्पनिक ग्रहावर, नव्या चित्रपटांचा काळ धरला, जुने फॅन जुन्या चित्रपटांतला खलनायक डार्थ व्हेडर शोधत राहिले.

वस्तू त्या जगातल्याच हव्यात, पण घरी नेता आल्या पाहिजेत. बाटूवरची कोकची गोल बाटली अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षेला हातबाँबसारखी वाटली. आधी बंदी, मग माघार.

पाऊस, सावली, उंचीची पट्टी, बंद पडल्यावर काय: आहेच.

आणि छोटी खोली! उघडण्याआधी 20 जणांची टोळी आजी-बाबागाडीसकट दहा वेळा आत-बाहेर काढा, घड्याळ लावून. सरासरी नको, सगळ्यात संथ फेरी धरा.